फळ्यावरचं दिसतं का?

मागच्या वर्षी ऑक्टोबरातली गोष्ट. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमासाठी मुलांच्या नाचाची तालीम होती. ती आटोपून घरी आले, लेकीचं दप्तर आवरायला घेतलं, तर डब्याखाली एक पाकीट निघालं. लेक तेव्हा रिसेप्शनमध्ये होती, म्हणजे इथल्या शाळेच्या अगदी पहिल्या वर्षात. आदल्या आठवड्यात शाळेत डोळे तपासायला कुणीतरी आलं होतं, हे तिनेच मला सांगितलं होतं. "आई, मी समुद्री चाच्यासारखा एक डोळा झाकला!" मी हसून सोडून दिलं होतं. पत्रात लिहिलं होतं, की उजव्या डोळ्याने तिला या वयात दिसायला हवं तेवढं दिसत नाही, पुढच्या तपासणीसाठी हॉस्पिटलकडे नाव पाठवलं आहे, तारीख कळवली जाईल.

पुढचं सगळं सरळ झालं. उजव्या डोळ्याचा नंबर बराच जास्त निघाला. इतके दिवस सगळं काम डावा डोळाच करत होता आणि मेंदूने उजव्याकडून येणारं धूसर चित्र वापरणंच सोडून दिलं होतं. याला इथे 'लेझी आय' म्हणतात, आपल्याकडे 'आळशी डोळा'. चष्मा मिळाला आणि रोज दोन तास चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायची सवय करावी लागली. पहिले पंधरा दिवस रडारड, मग पट्टीवर रोज नवं चित्र काढायचा हट्ट. फोनवर सासूबाई हळहळल्या, "एवढ्याशा पोरीला चष्मा? मुलीची जात आहे गं!" पण डॉक्टर म्हणाले होते, की हे लहानपणीच सापडलं म्हणून बरं, उशीर झाला की पट्टीचा उपयोग कमी होत जातो.

सगळं सरळ झालं, असं वर लिहिलं खरं. पण 'आळशी' हा शब्द ऐकल्यापासून मला एक मुलगा आठवायला लागला.

लग्नाआधी सहा वर्षं मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाळेत इतिहास आणि मराठी शिकवत होते. सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचं नाव इथे लिहीत नाही. तोंडी विचारलेलं सगळं त्याला यायचं. शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेची गोष्ट त्याने अशी सांगितली होती, की वर्ग गप्प झाला होता. पण फळ्यावरचं उतरवून घ्यायचं म्हटलं की शेजाऱ्याच्या वहीत डोकं. मी त्याला चार वेळा समज दिली आणि पाचव्या वेळी शिक्षा म्हणून उचलून शेवटच्या बाकावर एकटं बसवलं. "आळशीपणा करायचा आणि वर दुसऱ्याचं पाहून लिहायचं!" हे माझे शब्द. त्याने एकदाही म्हटलं नाही, की बाई, मला दिसत नाही. त्याला तरी कुठे माहीत होतं, की इतरांना दिसतं?

त्याच वर्षी एका संस्थेचं नेत्रतपासणी शिबिर शाळेत आलं. भिंतीवर तक्ता लागला, मुलांची रांग लागली आणि त्याच्या कार्डावर शेरा आला: 'दृष्टिदोष. चष्मा आवश्यक.' मी ते कार्ड त्याच्याजवळ दिलं, "घरी दाखव" म्हटलं आणि त्याला पहिल्या बाकावर आणलं. चष्म्यासाठी तालुक्याच्या गावी जायला हवं होतं. वडील ऊसतोडीला गेलेले, आई दुसऱ्याच्या शेतात रोजाने. एका दिवसाची मजुरी बुडवून जाणार कोण? मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विसरले. जूनमध्ये तो शाळेत आला नाही. चष्मा काही त्याच्या नाकावर आला नाही.

लेकीच्या हॉस्पिटलच्या फेऱ्यांत माझ्यातली इतिहासाची विद्यार्थिनी जागी झाली. शाळेत मुलांचे डोळे तपासायची ही पद्धत इथे आली कुठून, हे शोधायला बसले आणि शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये मला माझ्याच शाळेतलं ते कार्ड सापडलं. तीच गोष्ट आपल्या वाचकांना सांगायची आहे.

सक्ती आधी, डोळे नंतर

इंग्लंडमध्ये १८७० च्या कायद्याने सरकारी पैशांवर चालणाऱ्या शाळा निघाल्या आणि १८८० पासून मुलांना शाळेत पाठवणं सक्तीचं झालं. त्याआधी ज्यांनी शाळेची पायरी चढली नसती, अशी गिरणीतल्या, गोदीतल्या, झोपडवस्तीतल्या कामगारांची लाखो मुलं एकदम वर्गात येऊन बसली. साठ-साठ मुलांचे वर्ग, उंच खिडक्या, धुरकट उजेड, बारीक टाइपाची पुस्तकं आणि मुलींसाठी बारीक टाक्यांचं शिवणकाम. कोणाला वाचता येत नाही, कोण डोळे चोळतं, कोणाचं डोकं दुखतं, हे शिक्षकांना दिसू लागलं. शेतात किंवा गल्लीत खेळताना ज्या मुलाचं काही अडत नव्हतं, ते शाळेत आल्यावर 'ढ' ठरू लागलं.

युरोपात या विषयाचा अभ्यास आधीच सुरू झाला होता. ब्रेस्लाऊ शहरातल्या हर्मान कोन नावाच्या नेत्रतज्ज्ञाने १८६० च्या दशकात १०,०६० शाळकरी मुलांचे डोळे तपासले आणि वरच्या इयत्तांत जावं तसं लांबचं न दिसणाऱ्यांचं प्रमाण वाढत जातं, असं दाखवून दिलं. मोजायचं साधनही हाताशी होतं. हॉलंडमधल्या उट्रेक्टच्या हर्मान स्नेलेन यांनी १८६२ मध्ये अक्षरांचा तक्ता तयार केला. वर मोठं अक्षर आणि खाली बारीक होत जाणाऱ्या ओळींचा हा तक्ता आजही चष्म्याच्या दुकानात आपण वाचतो. लंडनच्या शाळांतल्या मुलांच्या दृष्टीवर ब्रुडनेल कार्टर या नेत्रतज्ज्ञांनी १८९६ मध्ये सरकारला अहवाल दिला. ब्रॅडफर्डला डॉ. जेम्स कर हे १८९३ पासून शाळांचे वैद्यकीय अधिकारी होते. तेही मुलांचे डोळे तपासत होते. पुढे ते लंडनला आले.

पण सरकार हललं ते मुलांच्या कळवळ्याने नाही, युद्धामुळे. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला आलेले कितीतरी तरुण तब्येतीवरून नाकारावे लागले. साम्राज्याला शिपाई कुठून मिळणार, ही चिंता पडली. चौकशी समिती बसली, तिचा अहवाल १९०४ मध्ये आला आणि शाळांमध्ये वैद्यकीय तपासणी करावी असं त्यात सुचवलं गेलं. मग १९०७ चा कायदा झाला. त्याचं नाव 'शिक्षण (प्रशासकीय तरतुदी) कायदा' इतकं रुक्ष आहे, की त्यात मुलांच्या डोळ्यांचं काही असेल असं कोणाच्या मनातही येऊ नये. १ जानेवारी १९०८ पासून इंग्लंड आणि वेल्समधल्या प्रत्येक सरकारी प्राथमिक शाळेत मुलांची तपासणी बंधनकारक झाली.

कार्ड घरी गेलं, पुढे काय?

पहिल्या काही वर्षांत जे आकडे बाहेर आले, त्यांनी लोक हादरले. शिक्षण मंडळाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी जॉर्ज न्यूमन यांच्या अहवालानुसार सुमारे ६० लाख मुलांपैकी साधारण १० टक्क्यांच्या दृष्टीत गंभीर दोष होता. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात सहाजणांना फळा नीट दिसत नव्हता.

पण कायद्यातच एक मेख होती. तपासणी करणं हे स्थानिक शिक्षण खात्यांचं कर्तव्य होतं, उपचार करणं ऐच्छिक होतं. डॉक्टर यायचे, तपासायचे, आईच्या नावाने चिठ्ठी द्यायचे: मुलाला डॉक्टरकडे न्या. तपासणीचा रकाना भरला, काम झालं.

चिठ्ठी घेऊन आई जाणार कुठे? खासगी डॉक्टरची फी परवडत नव्हती. उरली धर्मादाय रुग्णालयं. तिथे बाह्यरुग्ण विभागात तासन्‌तास बाकावर बसायचं. डोळ्यांच्या तपासणीला एका फेरीत भागतही नसे, कारण आधी ॲट्रोपिनचे थेंब घालून बाहुली मोठी करायची आणि मग पुन्हा यायचं. शिलाईकाम, धुणीभांडी किंवा कारखान्यात रोजावर काम करणाऱ्या बाईला प्रत्येक फेरीला दिवसाची कमाई गमवावी लागे. त्यातून नंबर निघाला, तर चष्म्याचे पैसे वेगळे. १९०९ मध्ये आणखी एक कायदा झाला, त्यात उपचारांचा खर्च ऐपत असलेल्या पालकांकडून वसूल करण्याची तरतूद होती. चिठ्ठ्या फडताळात पडून राहिल्या यात नवल नाही.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. तालुक्याचं गाव, बुडालेली मजुरी, कार्डावरचा शेरा. सोलापूरच्या त्या आईने निष्काळजीपणा केला, असं मी इतकी वर्षं मनात धरून चालले होते.

डेप्टफर्डचा दवाखाना

ही मेख ज्यांनी ओळखली, त्यांत मार्गारेट आणि रेचेल मॅकमिलन या दोघी बहिणी पुढे होत्या. मार्गारेट ब्रॅडफर्डच्या शाळा मंडळावर निवडून आलेल्या होत्या आणि तिथे डॉ. कर यांच्याबरोबर त्यांनी काम केलं होतं. लहानपणी आजारपणामुळे मार्गारेटना काही वर्षं ऐकू येत नव्हतं. इंद्रिय अधू असलेल्या मुलाला वर्गात काय वाटतं, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यांचं म्हणणं साधं होतं. मूल जिथे आहे, तिथे उपचार आले पाहिजेत. १९०८ मध्ये पूर्व लंडनच्या बो भागातल्या एका शाळेत त्यांनी शालेय दवाखाना सुरू केला, त्यासाठी जोसेफ फेल्स या साबणाच्या अमेरिकन कारखानदाराने पैसे दिले. १९१० मध्ये दवाखाना डेप्टफर्डला आला. आजूबाजूच्या शाळांतली मुलं तिथे येत. डोळे, कान, दात, त्वचा या चारही गोष्टींवर उपचार होत. ब्रॅडफर्डसारख्या काही शहरांच्या शिक्षण खात्यांनीही आपले शालेय दवाखाने उघडले.

अशा दवाखान्यात डोळ्यांसाठी काय होत असे? निम्मं काम चष्म्याचं नव्हतंच. चिकट, लाल झालेल्या पापण्या, रांजणवाड्या, बुबुळावरचे व्रण हे सगळं घाण, दाटीवाटी आणि अपुऱ्या अन्नातून आलेलं. रोज डोळे स्वच्छ धुणं आणि मलम लावणं हे नर्सचं काम. त्यासाठी रुग्णालय कशाला हवं? शाळेजवळ नर्स हवी आणि मुलाने रोज यायला हवं. वेळीच न धुतलेल्या डोळ्यात फूल पडलं, की ते आयुष्यभरासाठी.

नंबर काढण्यासाठी अंधाऱ्या खोलीत डॉक्टर छोट्या आरशाने मुलाच्या डोळ्यात उजेडाची तिरीप टाकत आणि बाहुलीत सावली कुठल्या दिशेला सरकते ते पाहत. समोर भिंगं बदलत जायची, सावली सरकायची थांबली की नंबर मिळाला. या पद्धतीची मोठी सोय म्हणजे मुलाने काही बोलावं लागत नाही. अक्षरओळख नसलेलं, बुजलेलं, 'ढ' म्हणून हिणवलेलं मूल गप्प बसलं तरी त्याचा डोळा उत्तर देतो. माझ्या लेकीचा नंबरही याच तत्त्वावर काढला.

तिरळेपणा 'मोठं झाल्यावर जाईल' म्हणून सोडून द्यायची पद्धत तेव्हाही होती. क्लॉड वर्थ या लंडनच्या नेत्रतज्ज्ञांनी १९०३ मध्ये तिरळेपणावर पुस्तक लिहिलं आणि थांबू नका, लहान वयातच उपचार करा, असं आग्रहाने मांडलं. आमच्या घरातल्या पट्टीचं मूळ मला तिथे दिसतं.

चहाच्या वेळी दार वाजवणाऱ्या बायका

दवाखाना उघडला तरी एक अंतर उरतंच: घर ते दवाखाना. लंडन काउंटी कौन्सिलने त्यासाठी शाळाशाळांना 'केअर कमिटी' जोडल्या. त्यांत मुख्यतः स्वयंसेवक बायका होत्या, बऱ्याचशा सुखवस्तू घरातल्या गृहिणी. ज्या मुलाच्या कार्डावर शेरा आला त्याच्या घरी जायचं, आईशी बोलायचं, ती का आली नाही ते विचारायचं, तारीख ठरवून द्यायची, चष्म्याचे पैसे जमत नसतील तर हप्ते बांधून द्यायचे आणि नंतर पुन्हा जाऊन पाहायचं, की चष्मा मुलाच्या नाकावर आहे की कपाटात.

या बायकांबद्दल कामगारांच्या घरांत रागही होता. चांगले कपडे घालून येऊन आपल्या घरात डोकावणाऱ्या बाईचा राग कोणाला येणार नाही? शिवाय चष्म्याबद्दलचा संकोच होताच. सासूबाईंचं वाक्य इंग्रजीत, लंडनच्या कुठल्या तरी चाळवजा घरात नक्की बोललं गेलं असेल. पण या पाठपुराव्याशिवाय तपासणीला काही अर्थ नाही, हे हळूहळू सरकारलाही पटलं. १९१२ पासून उपचारांसाठी अनुदान मिळू लागलं आणि १९१८ च्या शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळांतल्या मुलांच्या उपचारांची सोय करणं हेही कर्तव्य ठरलं. तपासणी सक्तीची झाल्यापासून या एका पावलाला दहा वर्षं लागली.

पुस्तक नसलेला वर्ग, मोरचूद लावलेले डोळे

सगळ्यांचा प्रश्न चष्म्याने सुटत नव्हता. पूर्ण अंध मुलांच्या शिक्षणाचा कायदा १८९३ मध्येच झाला होता. पण ज्यांना धड दिसत नाही आणि धड अंधही नाही, अशी मुलं मधल्या मधे अडकली होती. त्यांच्यासाठी डॉ. कर आणि नेत्रतज्ज्ञ बिशप हार्मन यांनी १९०८ मध्ये कॅम्बरवेलच्या बाउंडरी लेनवरच्या शाळेत एक वेगळा वर्ग सुरू केला. तीव्र नंबराच्या मुलांनी बारीक वाचलं तर डोळे आणखी बिघडतात, अशी तेव्हाची समजूत होती. म्हणून या वर्गात पुस्तक नाही, वही नाही. तोंडी धडे इतर मुलांबरोबर ऐकायचे आणि लिहायचं ते उभं राहून, हातभर अंतरावरच्या मोठ्या काळ्या फळ्यावर, खडूने, ठसठशीत अक्षरांत. वाचल्याने डोळे जातात ही समजूत पुढे मागे पडली. पण एक गोष्ट उरली, की दिसत नसलेल्या मुलाला वर्गाबाहेर काढायचं नाही, वर्ग त्याच्या डोळ्यांना झेपेल असा करायचा.

आणि खुपरी. दाटीने राहणाऱ्या मुलांमध्ये एकाचा टॉवेल दुसऱ्याने वापरला की पसरणारा हा रोग. अनाथाश्रमांतल्या आणि गरीबखान्यांतल्या अशा मुलांसाठी लंडनबाहेर स्वानली इथे १९०३ मध्ये आणि ब्रेंटवुड इथे १९०४ मध्ये खास निवासी शाळा उघडल्या. प्रतिजैविकं नव्हती. पापणी उलटी करून आतल्या बाजूला मोरचुदाचा खडा घासत. आपल्या आजी-पणज्यांनीही खुपऱ्यांचे हे हाल पाहिले आहेत. मुलं महिनोन्‌महिने, काही वर्षं तिथे राहत, म्हणून उपचार आणि शाळा एकाच आवारात.

तेव्हा आपल्याकडे

हे सगळं घडत होतं, तेव्हा आपल्यावर याच सरकारचं राज्य होतं. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं होतं. ब्रिटिश हिंदुस्थानात तसं व्हावं म्हणून गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये कायदेमंडळात विधेयक मांडलं. १९१२ च्या मार्चमध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळलं गेलं. लंडनमध्ये त्याच वर्षी शाळकरी मुलांच्या उपचारांना सरकारी अनुदान सुरू झालं. मुलाला फळा दिसतो का, हा प्रश्न पडायला आधी मूल फळ्यासमोर यावं लागतं. आपल्या बहुतेक मुलांना त्या फळ्यापर्यंतच पोचू दिलं नव्हतं. म्हणून इथल्या या इतिहासाचं मला कौतुक वाटतं आणि तो वाचताना घशात काहीतरी अडकतंही.

कार्डापासून नाकापर्यंत

डेप्टफर्डला मॅकमिलन भगिनींनी एक गोष्ट पाहिली. बरी करून पाठवलेली मुलं त्याच घाणीतून पुन्हा तोच आजार घेऊन येत. मग १९११ मध्ये त्यांनी मुलींसाठी उघड्यावर झोपायची सोय केली आणि १९१४ मध्ये लहानग्यांसाठी मोकळ्या हवेतली बालवाडी काढली. रेचेल १९१७ मध्ये गेल्या आणि बालवाडीला त्यांचं नाव दिलं गेलं. आमच्या घरापासून बसने अर्ध्या तासावर हा भाग आहे. मार्चमध्ये लेकीला हॉस्पिटलमधून आणताना मी मुद्दाम त्या बाजूने गेले. तिने विचारलं, "इथे कोण राहतं?" मी म्हटलं, "तुझ्या चष्म्याच्या आज्या राहत होत्या." तिला ते पटलं.

१९४८ मध्ये एनएचएस आली आणि चष्म्याचा खर्च हा अडथळाही दूर झाला. आज इथे १६ वर्षांखालच्या मुलांची डोळ्यांची तपासणी मोफत आहे आणि चष्म्यासाठी व्हाउचर मिळतं. आपल्यापैकी बरेचजण 'शाळेत तपासतात ना' म्हणून निर्धास्त असतात. शाळेतली तपासणी चुकली असेल, मूल मधल्याच वर्षी भारतातून किंवा आखातातून इथे आलं असेल, तर ती राहून जाते. म्हणून जवळच्या चष्म्याच्या दुकानात एकदा नेऊन आणा. मूल तक्रार करेल म्हणून थांबू नका. एका डोळ्याने दिसत असलं, की मुलाला दुसऱ्याचा पत्ताच नसतो.

आणि भारतातल्या आपल्या नातलगांपर्यंत हा अंक जातो, त्यांत माझ्यासारख्या शिक्षिका पुष्कळ असतील. त्यांना एवढंच सांगायचं आहे, की शिबिर झालं, कार्ड भरलं, की काम अर्धंच झालं. एका वर्गातली अशी दोन-तीन मुलं धरा आणि चष्मा नाकावर येईपर्यंत सोडू नका. आईला वेळ नसेल तर दोन-तीन घरची मुलं मिळून कोणीतरी घेऊन जा.

या उन्हाळ्यात भारतात गेले तेव्हा जुन्या शाळेत गेले होते. त्या मुलाचं पुढे काय झालं, हे कोणाला नीट सांगता आलं नाही. आता पंचविशीत असेल. मी मुख्याध्यापकांना विचारलं, की मागच्या तपासणीत चष्मा लिहून दिलेली मुलं किती? त्यांनी कपाटातून कार्डांचा गठ्ठा काढला. अकरा निघाली. त्यांतल्या चौघांना चष्मा मिळाला होता. उरलेल्या सातजणांना घेऊन मी आणि माझी जुनी सहकारी जीप करून तालुक्याला गेलो. परतताना गाडीत एक मुलगी खिडकीशी बसली होती. ती मोठ्याने रस्त्यावरच्या पाट्या वाचत होती, एकही न सोडता, घर येईपर्यंत.